घरच्या दावणीची टीम

माझ्या मेव्हणीच्या लग्नात आमचे पीडी सर आहेर द्यायला स्टेजवर गेले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. आधी त्यांनी तळवा उलटा केला. मग मनगट मागं वाकवून बघितलं. मग कोपरापासून सगळा हात झटकून पाहिला. नवरदेवाला वाटलं, ही इकडची काहीतरी मानाची रीत असेल. त्यानं दुसराही हात पुढं केला. सर खाली उतरले आणि माझ्याशेजारी बसत म्हणाले, "उजवा बरा हाय. पण काय उपेग, वय गेलं." पलीकडच्या खुर्चीत माझी सासू होती. तिनं 'वय गेलं' एवढंच ऐकलं आणि पुढं कितीतरी दिवस ती जावयाचा जन्मदाखला शोधत होती.

पीडी म्हणजे फिजिकल डायरेक्टर. लातूरच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना पीडीच म्हणत. मी मात्र 'सर' म्हणायचो. मी मराठी शिकवायचो. ते मला 'प्राध्यापक' म्हणून हाक मारत, त्यात आदर किती आणि कीव किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या टीमचा मी मॅनेजर होतो. त्यासाठी लागणारी एकच पात्रता माझ्याकडं होती, ती म्हणजे राजदूत मोटारसायकल.

टीम बेसबॉलची. हा खेळ लातुरात कसा आला याच्या बऱ्याच कथा होत्या. सरांची स्वतःची अशी की, ते पंजाबात कोचिंगच्या कोर्सला गेले तेव्हा कुस्तीच्या वर्गात जागा उरली नव्हती. खेळ तसा सोपा. एकजण चेंडू फेकतो, दुसरा दांडक्यानं मारतो, आणि मारणाऱ्यानं मैदानावरच्या गाद्यांना पाय लावत फिरून परत घरी, म्हणजे निघाल्या जागी, यायचं, की एक गुण. गादीवर पाय आहे तोवर तो सुरक्षित. पाय सुटलेला असताना चेंडू हातात धरून कुणी त्याला शिवलं की बाद. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, असं सर म्हणत. पण लागायचं. आमचे प्राचार्य निवृत्त होईपर्यंत त्याला 'ते गाद्यांचं' म्हणत.

टीम पोसायचे अप्पा. अप्पांची दाळ मिल होती, कपाळाला भस्माचे पट्टे असायचे, आणि आवाज असा की भाव सांगतानाही आशीर्वाद दिल्यासारखा वाटे. घराणं मूळचं उदगीरकडचं, त्यामुळं कुठलाही विषय मिटवायचा असला की ते कानडीत "इरली, इरली" म्हणत. असू दे, असू दे. तरुणपणी त्यांनी हैदराबादेत हा खेळ कुठंतरी पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात बसला होता. टीम उभी करायची त्यांची पद्धत व्यापाऱ्याची होती. पुण्याचा फेकणारा पिचर, जळगावचा झेलणारा कॅचर, हैदराबादचे दोघं भाऊ, असा तयार माल त्यांनी उचलून आणला आणि सगळ्यांना मिलमध्ये नोकऱ्या दिल्या. तूर कुठली आणि हरभरा कुठला हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नसे. पण नांदेडला ते दरवर्षी हरवत. नांदेडला हरवलं की लातुराला दुसरं काही लागत नाही.

मग भूकंप झाला. लातूर शहर वाचलं, पण दक्षिणेकडची गावंच्या गावं झोपेत गेली. बाहेरून आणलेल्या आमच्या खेळाडूंना आयांच्या तारा आल्या आणि आठवडा संपायच्या आत टीम रिकामी झाली. सर तेव्हा दगडाखालून माणसं काढायला गेले होते. ते परत आले तेव्हा हातांची सालं गेली होती. त्यानंतर ते छताखाली झोपत नसत. गावोगाव फिरताना पाऊस असला तरी शाळेच्या व्हरांड्यात बाज टाकत, आणि पाय भिजले तर ते ओढून घेत. बाज मात्र आत घेत नसत.

पुढच्या मोसमात नांदेडशी खेळायला मिलमधले हमाल, कॉलेजचा शिपाई आणि मी असे मैदानात उतरलो. मला उजव्या टोकाला उभं केलं होतं, कारण तिकडं चेंडू येत नाही असं सर म्हणाले होते. त्या दिवशी तो तिकडंच येत होता. सामना संपल्यावर नांदेडच्या कोचनं माझी विचारपूस केली, यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन अप्पांकडं गेले.

"अप्पा, बाजारातनं आणलेला बैल पहिल्या झटक्याला जुन्या मालकाच्या गोठ्याकडं पळतो," सर म्हणाले. "घरची गाय, घरचं वासरू, घरची दावण पाहिजे. देवणीवाले काय करतेत? वळू निवडतेत, वासरू राखतेत, मगच औताला धरतेत. मला गावात टीमा काढू द्या."

"किती वर्षं लागतील?" अप्पांनी विचारलं.

"वासराला दात येऊ द्या."

अप्पा थोडा वेळ जपासारखी बोटं मोजत राहिले. मग म्हणाले, "इरली."

अशी आमची शेती सुरू झाली. सरांनी तीन ठिकाणं निवडली: देवणी, उमरी आणि इस्लापूर. देवणीची पोरं बैलांशी झोंबून खांद्यानं भरलेली, म्हणून ती मारायला. इस्लापूर किनवटच्या जंगलाच्या कडेला. तिथली पोरं माकडांपासून पिकं राखताना दगड मारून तयार झालेली, म्हणून ती फेकायला. उमरी का निवडली, याचं कारण सर सांगत की तिथल्या स्टेशनजवळच्या बेकरीत खारी फार चांगली मिळते. इस्लापूर आणि उमरी नांदेड जिल्ह्यात येतात, हे मी त्यांच्या नजरेला आणलं. "हाव," ते म्हणाले, "त्येंच्याच रानात पेरायचं आन् त्येंच्यावरच काढायचं."

पोरगं आधी इस्लापूरला खेळायचं. बरं निघालं की उमरीला, तिथून देवणीला आणि सगळ्यात शेवटी लातूरला. चुकलं की उलट्या वाटेनं परत. "तुला उमरीला धाडीन" ही धमकी आमच्या कॉलेजात इतकी रुजली की वेळापत्रकावरून भांडताना संस्कृतच्या बाईंनी ती मला दिली. सरांच्या घरीही तोच कायदा होता. पण तिथं वहिनी निवड समिती होत्या. सर दुपारच्या जेवणाला संध्याकाळी पोचले की त्या शांतपणे म्हणत, "आज तुम्ही इस्लापूर." म्हणजे ताट बाहेरच्या ओट्यावर.

इस्लापूरला पहिल्याच फेरीत सरांना एक पोरगा सापडला. तो गोफणीनं लांबच्या फांदीवरचं पाखरू नेम धरून पाडायचा. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातात चेंडू दिला, तर तो स्वतःच्याच पाठीमागं पडला. पुन्हा दिला, तर माझ्या राजदूतच्या दिव्यावर. गोफण असेल तरच त्याचा हात हात होता. दुसरा कुणी त्याला तिथंच सोडून निघाला असता. सर पुढच्या स्पर्धेत पंचाशी तासभर भांडले की नियमात 'हातानं' लिहिलंय, आणि गोफण काय पायात धरतेत का.

पण त्याच गावात देवला मिळाला. काटकुळा, अबोल, आणि फेकलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात खाली बुडायचा. उमरीत बेकरीवाल्याचा खाजा मिळाला. तो कॅचर. पिचरनं फेकलेला चेंडू झेलायला उकिडवा बसायचा तेव्हा विटेच्या भट्टीसारखा घट्ट दिसायचा आणि अखंड बडबडायचा. दोघांनाही सर पुढं लातूरला घेऊन आले आणि स्वतःच्या घरी ठेवलं. वहिनींना मूलबाळ नव्हतं. देवला भाकरी मोजून खायचा, तर खाजा चुलीपाशी बसून वहिनींना सांगायचा की कणीक कशी मळली म्हणजे ती रुसत नाही. वहिनी त्याला रागावत आणि पुढच्या खेपेला तशीच मळत.

खाजाचं आणि सरांचं बिनसलं ते सिनेमावरून. सराव बुडवून तो पिक्चरला गेला. सरांनी त्याला भर मैदानात उमरी सुनावली. खाजानं ग्लोव्ह खाली ठेवला, "आता उमरी न्हाई सर, आता नांदेड," म्हणाला आणि खरंच नांदेडच्या टीममध्ये गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघत नसे. वहिनी अधूनमधून भिंतीला विचारावं तसं विचारत, "जेवत असेल का वेळेवर?" सर पेपर वर धरून बसत.

एव्हाना लातूर बदललं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, घराघरावर 'खोली भाड्यानं देणे आहे', आणि उजाडायच्या आत सायकलींवर डुलक्या खात जाणारी पोरं. साऱ्या महाराष्ट्रातून आईबाप पोरांना डॉक्टर करायला आणून सोडत. त्यात कुणीतरी शोध लावला की खेळाचं प्रमाणपत्र असलं तर सवलत मिळते, आणि कुस्ती-कबड्डीत गर्दी फार, पण त्या गाद्यांच्या खेळाला कुणी विचारत नाही. त्या दिवसापासून सरांच्या दारात मोटारी उभ्या राहायला लागल्या. मोठमोठे डॉक्टर, वकील. सगळ्यांना सर एकच सांगत: "आधी इस्लापूर. दोन म्हैने. मंग बघू." बहुतेकजण इस्लापूर कुठं आहे एवढं विचारून परत जात.

एके सकाळी अप्पाच आले. बरोबर नातू होता, बसू. जाड भिंगाचा चष्मा, गोल चेहरा, जूनमध्ये अकरावी सायन्सला जाणार.

"याचं नाव फक्त शेवटी घाला," अप्पा म्हणाले. "खेळवू नका. त्याला लागेल बिगेल."

"अप्पा, न खेळवता नाव घालायचं म्हंजी भेसळ झाली."

"पीडी, टीम माझी आहे."

"हाव. मिलबी तुमची हाय. तुरीच्या दाळीत लाखेची दाळ मिसळता का?"

दाळीच्या बाजारात हा प्रश्न कुणी कुणाला तोंडावर विचारत नाही. माझा चहा तसाच राहिला. अप्पा उठले. "घेऊन जा इस्लापूरला," ते म्हणाले. "पण पोरगं रडत परत आलं, तर टीम त्या दिवशी बंद. माझी मुलं तशीही म्हणतात, आपल्या त्या मैदानावर होस्टेल बांधा."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बसूला एसटीनं पोचवायला गेलो. त्याच्यासोबत गादी, लाडवाचा डबा आणि एवढी पुस्तकं होती की कंडक्टरनं त्यांना तिकीट मागितलं. पोराला तिथं सोडून परत येताना नांदेड आलं. तिथं सर म्हणाले, "प्राध्यापक, माझं चुकलं का ओ?" त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

त्या उन्हाळ्यात ते मला सारखं इस्लापूरला पिटाळत. "नुसतं डोळे बघून या. सुजलेत का." मी जायचो. डोळे ठीक असायचे. लाडवांचा डबा पहिल्याच दिवशी गावानं संपवला होता आणि बसू ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन काळा पडत होता. एका खेपेला मैदानात कुणीच दिसेना. शोधत गेलो तर सगळी टीम लिंबाखाली मांडी घालून बसलेली, मध्ये बसू, आणि शाळेच्या काढून आणलेल्या फळ्यावर माणसाचं काळीज. सकाळी ती पोरं त्याला फेकायला शिकवत आणि दुपारी तो त्यांना जीवशास्त्र शिकवे. सुट्टीला गावी आलेला देवला सगळ्यांत पुढं बसला होता.

मी हे सांगितल्यावर सर ओट्यावरून उठून उभे राहिले. "म्हंजी माझ्या रानात येऊन क्लास काढला?" डोकं धरून ते पुन्हा खाली बसले. आत वहिनी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बसू रडत आला नाही. फार उत्तम खेळाडूही झाला नाही, पण उमरी, देवणी करत रीतसर लातूरच्या टीममध्ये आला. नुकसान झालं ते भलतीकडं. आमच्या सगळ्यात भारी पिचरला, देवलाला, आता शिकायचं होतं. त्यानं सायन्सला नाव घातलं. सरांनी गावोगाव पेरलेलं बी क्लासवाल्यांच्या खळ्यावर जाऊन पडायला लागलं. आज देवला जनावरांचा डॉक्टर आहे. देवणीकडच्या गोठ्यांतून त्याला बोलावणी येतात. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात त्याची काळजी नको.

भूकंपानंतर पहिल्यांदा नांदेडला हरवू अशी टीम जमली, आणि नेमक्या त्या सामन्याच्या दिवशी डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा आली. देवला आदल्या दिवशी सरांसमोर येऊन उभा राहिला. सर त्याच्या उजव्या हाताकडं बघत होते.

"पहिला प्रश्न सोडून दे," शेवटी ते म्हणाले. "लगीच मारायला जाऊ नको. आधी अंदाज घे, मंग मार."

सकाळी अप्पांच्या मैदानावर आम्ही मोजायला उभे राहिलो तर नऊ भरेनात. निम्मी टीम परीक्षेला गेलेली. नांदेडची गाडी आली, त्यातूनही खरे खेळाडू थोडेच उतरले. बाकी त्यांच्या कॉलेजचा ग्रंथपाल आणि कँटीनवाला. त्यांचीही पोरं परीक्षेलाच. दोन्ही गावांची वर्षांची मेहनत कुठल्यातरी वर्गात बाकांवर बसून गोल काळे करत होती. नांदेडच्या गाडीतून शेवटी खाजा उतरला. त्यानं सरांकडं बघितलं, सरांनी आभाळाकडं.

सातवा मी. आठवे सर स्वतः, नववा मिळेना. साठीला आलेला माणूस कमरेला पट्टा आवळून उभा राहिला. आणि तेवढ्यात फाटकातून बसू आला, टोपी घालून. खरं तर त्यानं या वेळी परीक्षेच्या वर्गात असायला हवं होतं.

"मला डॉक्टर व्हायचंच न्हाई, सर," तो म्हणाला. "मला मिलमध्ये बसायचंय. घरात कुणी विचारलंच न्हाई."

अप्पा मांडवात खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी नातवाला पाहिलं होतं. सर बसूचा दंड धरून सरळ त्यांच्यापुढं गेले. मी मागोमाग गेलो. मला तर टीमचा शेवटच दिसत होता.

"अप्पा, पोरगं परीक्षा सोडून आलंय. मी बोलावलं न्हाई. तुम्ही म्हणाल तसं."

अप्पांनी बसूकडं पाहिलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "परीक्षेची दारं बंद झाली?"

"झाली, अज्जा," बसू म्हणाला.

"मग आता उन्हात उभं राहून काय करतोस? खेळ जा."

तो सामना खेळ म्हणून बघण्यासारखा नव्हता. नांदेडच्या ग्रंथपालानं झेल सोडला की आमच्याकडून मी त्याची भरपाई करत होतो. पण माणसं हलत नव्हती. होताहोता शेवटची पाळी आली. नांदेड एका गुणानं पुढं होतं, आमचा एकच गडी बाद व्हायचा राहिला होता, आणि सर धापा टाकत शेवटच्या गादीवर उभे होते. ते घरी पोचले तर बरोबरी, वाटेत बाद झाले तर सगळं संपलं. दांडकं बसूच्या हातात होतं. त्यानं डोळे मिटून मारलं असावं. चेंडू कँटीनवाल्याच्या डोक्यावरून गेला.

सर सुटले. अर्ध्या वाटेत त्यांचा गुडघा गेला. आवाज मला लांबूनही आल्यासारखा वाटला. ते पडले नाहीत. एक पाय ओढत येत राहिले. तिकडून चेंडू आला आणि घराच्या पुढ्यात उभ्या असलेल्या कॅचरच्या, खाजाच्या, हातात बसला. खाजानं नुसता हात लांब करायचा होता. त्यानं लंगडत येणाऱ्या सरांकडं पाहिलं आणि वाट द्यावी तसा एक पाऊल बाजूला झाला.

सर थांबले. मधल्या मध्ये, उन्हात.

"काय करायलास?" ते म्हणाले. "चेंडू काय दाखवायला धरलास का? हेच शिकवलं का तुला? शिव मला."

"सर, तुम्ही जावा घरी," खाजा हळूच म्हणाला.

"खाजा, शिव."

खाजानं चेंडू सरांच्या खांद्याला लावला. पंचानं मूठ वर केली. नांदेड जिंकलं, पण त्यांच्यातलं कुणी नाचलं नाही. खाजा तोंड फिरवून उभा होता आणि सर एका पायावर तोल सावरत त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते.

मी अप्पांकडं गेलो. होस्टेलचा विषय आता निघेल म्हणून मनाची तयारी करूनच गेलो होतो. अप्पांनी विचारलं, "ते पोरगं कुणी तयार केलं?"

"आपणच, अप्पा. उमरीत."

"आणि हे आमचं?"

"इस्लापूरला."

अप्पा उठले, धोतराचा सोगा झटकला. "माल चांगला आहे," म्हणाले. "चालू ठेवा." पुढं बसू मिलच्या गादीवर बसेपर्यंत टीम त्यांनी चालवली आणि नंतर बसूनं.

गुडघ्यामुळं सरांना राजदूतवर बसता येईना. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं खाजा, असे आम्ही त्यांना चालवत घरी आणलं. नांदेडची गाडी त्याला हाका मारून निघून गेली होती. वहिनी दारात आल्या. त्यांनी आधी गुडघा पाहिला, मग खाजाला, आणि खाजाला पाहिल्यावर पदर तोंडाला लावला.

"कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.

"ह्यो," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी खुशी होती ती मी नांदेडला हरवल्यावरही कधी पाहिली नव्हती.

वहिनी खाजाला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? पाय धू. आणि कणीक मळून ठेवलीय, ती बघ जमलीय का."